चैत्रातला एक दिवस, आपल्या परसातला

 

पाडवा झाला. ज्वारी घरात आली, कडब्याच्या गंजी लागल्या. शिखर शिंगणापूरच्या यात्रेला कावडी निघायचे हे दिवस. वर्षभरात बाईच्या हाताला जरा उसंत मिळते ती आताच. म्हणून आज आम्ही तुमच्याशी परसबागेविषयी बोलणार आहोत. परसबाग म्हटलं की तुम्ही म्हणाल, ते तर मिरगात, पाऊस पडल्यावर. चैत्रात कसली बाग? प्यायला पाणी नाही, आणि झाडांना कुठून घालायचं? तेच सांगायचं आहे. भाजीची खरी गरज असते ती उन्हाळ्यात, आणि थोडं डोकं लावलं तर उन्हाळ्यातही ती पिकते.

चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ऋतू, असं शाळेत शिकलो होतो. आमच्या माण तालुक्यात वसंत दोन तोंडांचा असतो. एकीकडे लिंबाला तांबूस पालवी फुटते, मोहोराचा वास अंगणभर सुटतो, पहाटेपासून कोकीळ ओरडायला लागते. दुसरीकडे विहिरीचा तळ दिसतो आणि टँकरची वाट बघणं सुरू होतं. बाजारात पालेभाजीची जुडी बारीक होते आणि भाव मोठा होतो. आणलेली जुडी घरी येईपर्यंत मान टाकते. मग घरात बटाटा, डाळ, पिठलं, चटणी. भाजी कमी पडली की ती कुणाच्या ताटात कमी पडते, हे तुम्हाला सांगायला नको.

आमचे डोळे कशानं उघडले

तीन वर्षांपूर्वी चैत्रातच आमच्या गटातली एकजण रोजगार हमीच्या कामावर चक्कर येऊन पडली. सगळ्यांना वाटलं, ऊन लागलं. सावलीत नेलं, पाणी पाजलं. आशाताईंनी हट्ट धरला म्हणून दवाखान्यात नेलं, तर रक्त तपासल्यावर हिमोग्लोबिन 8 च्या खाली निघालं. बाईमाणसाचं ते निदान 12 तरी असावं लागतं, गरोदर बाईचं 11. डॉक्टरबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि तिला विचारलं, "पालेभाजी शेवटची कधी खाल्लीस?" ती आठवत बसली. सोबत गेलेल्या आम्ही चौघीही आठवत बसलो. संक्रांतीच्या सुमाराला हरभऱ्याची भाजी खाल्ली होती. त्यानंतरचं कुणालाच काही आठवेना.

मैत्रिणींनो, हे आमच्याच गावचं नाही. 2019 ते 2021 मध्ये देशभर जी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी झाली, तिच्यात आपल्या महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटाच्या बैठकीला दहाजणी बसलो असलो, तर त्यातल्या पाच-सहाजणींना हा त्रास असू शकतो. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की मोठ्या बाईनं रोज 100 ग्रॅम हिरवी पालेभाजी खावी. चार-पाच माणसांच्या घराला रोज एक मोठी जुडी लागेल. उन्हाळ्यात ती विकत घ्यायची म्हटलं तर बचतीचे पैसे तिकडंच जायचे.

पहिल्या वर्षी आम्ही फसलो

दवाखान्यातून आलो त्याच आठवड्यात बैठकीत ठरलं, की घरोघरी परसबाग करायची. उत्साह दांडगा होता, माहिती कमी. एका कार्यक्रमात आम्हाला बियाण्यांची पाकिटं वाटली होती. ती हातात पडली तेव्हा वैशाख निम्मा सरला होता. निम्मं बी उगवलंच नाही. जे उगवलं, त्याला आम्ही भर दुपारी, भांडी-धुणं झाल्यावर, मोरीतलं साबणाचं पाणी तसंच घातलं. चार दिवसांत माठाची पानं कडेनं करपली. त्यातून जे वाचलं, ते शेजारच्या शेळीनं खाल्लं. त्या वर्षी आमच्या परसबागेचं सगळं पोषण शेळीला मिळालं!

आम्ही हिरमुसलो. पण चुका कुठं झाल्या ते एका वहीत लिहून ठेवलं. बी न तपासता पेरलं, उशिरा पेरलं, साबणाचं पाणी घातलं, दुपारी घातलं, कुंपण केलं नाही. पाच चुका. गेल्या वर्षी त्या पाचही दुरुस्त केल्या, आणि सगळ्यांनी एका दिवशी, एकमेकींच्या हातानं केल्या. पाडव्यानंतरचा रविवार त्यासाठी धरला. तो दिवस कसा गेला, ते आता क्रमानं सांगतो, म्हणजे तुम्हालाही तसंच करता येईल.

सकाळी सहा वाजता: जागा आणि पाणी

आम्ही 11 जणी थोरल्या आक्कांच्या परसात जमलो. मोरीच्या मागं 10 फूट लांब आणि 10 फूट रुंद एवढीच जागा. मुलाला तिथं मोटारसायकलसाठी पत्र्याची शेड टाकायची होती. आक्का म्हणाल्या, "गाडीला सावली पायजे, आन् आमाला भाजी नको व्हय?" मुलगा हसला आणि दाराच्या अंगानं गाडी लावायला तयार झाला. हे मुद्दाम सांगितलं, कारण परसबागेत पहिली अडचण मातीची नसते, जागेची असते. घर-जागा बहुतेक घरच्या पुरुषांच्या नावावर. तेव्हा खड्डे खणायच्या आधी घरात बोलून घ्या, आणि बागेची जागा कोणती ते सगळ्यांच्या देखत आखून घ्या.

जागा निवडताना दोन गोष्टी बघा. मोरीचं पाणी उताराने तिथं जायला हवं. आणि सकाळपासून दुपारपर्यंतचं चार-पाच तास ऊन हवं, पण दुपारनंतर भिंतीची किंवा झाडाची सावली यायला हवी. वैशाखातलं तीन वाजताचं ऊन कोवळ्या रोपाला सोसत नाही.

आता पाणी. आदल्या आठवड्यात आम्ही प्रत्येकीनं आपल्या घरातलं वाया जाणारं पाणी मोजलं होतं. पाच माणसांच्या घरात, अगदी टंचाईतही, अंघोळीचं, भाजी-तांदूळ धुतल्याचं, भांड्यांचं मिळून रोज चार-पाच हंडे पाणी गटारात जातं. 10 बाय 10 फुटांच्या बागेला उन्हाळ्यात रोज तीन-चार हंडे पुरतात. म्हणजे नवं पाणी आणायचंच नाही, टाकून दिलेलंच वळवायचं.

पण सगळं पाणी सारखं नसतं. त्याचे तीन भाग करा. तांदूळ, डाळ, भाजी धुतलेलं पाणी सर्वांत चांगलं. ते बादलीत धरून थेट पालेभाजीला घाला. अंघोळीचं आणि राखेनं घासलेल्या भांड्यांचं पाणी गाळून घ्या. त्यासाठी मोरीच्या तोंडाशी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा घेतला. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर वाळू. पाणी त्यातून झिरपून बागेच्या चरात येतं. महिन्या-दोन महिन्यांनी वरची वाळू काढून धुवायची, नाहीतर खड्डा तुंबतो आणि डास होतात. तिसरं पाणी कपड्याच्या पावडरचं. ते पालेभाजीला कधीही नको. त्याचा चर वेगळा काढून केळी, कर्दळ आणि नारळाकडं न्यायचा. आणि लहान मुलांचे शी-शूचे कपडे धुतलेलं पाणी बागेत अजिबात सोडायचं नाही.

आठ वाजता: वाफे खाली, गादी नको

पावसाळ्यात आपण गादीवाफे करतो, म्हणजे जादा पाणी निचरून जावं. उन्हाळ्यात उलटं करायचं. वाफा जमिनीपेक्षा वीतभर खोल ठेवायचा, म्हणजे घातलेलं पाणी तिथंच मुरतं आणि वाऱ्यानं माती लवकर सुकत नाही. वाफ्याची रुंदी तीन फूट. दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचायला हवा, म्हणजे आत पाय द्यावा लागत नाही आणि माती दबत नाही.

कुदळीनं माती खणली, ढेकळं फोडली. तळाला वाळलेला पाला अंथरला. मग दोन पाट्या माती आणि एक पाटी चांगलं कुजलेलं शेणखत, या हिशेबानं भरलं. खत कुजलेलंच हवं. ताज्या शेणाची आग उन्हाळ्यात मुळं जाळते, आणि त्यानं हुमणी-वाळवीही येते. खत कुजलं की नाही ते ओळखायचं सोपं आहे. मुठीत धरा. शेणाचा वास आला तर कच्चं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर तयार.

वेलांसाठी आम्ही मडकी पुरली. बिनरंगाचं, साधं भाजलेलं मातीचं मडकं घ्यायचं. गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचं, तोंड बोटभर वर ठेवायचं. मडक्याभोवती वीतभर अंतरावर चार आळी. मडक्यात पाणी भरून वर झाकणी ठेवायची. मातीच्या अंगातून पाणी हळूहळू पाझरतं आणि वेलाची मुळं त्या ओलीला जाऊन चिकटतात. माती ओली असेल तोवर पाझर कमी, सुकली की जास्त. दोन-तीन दिवसांनी एकदा भरलं की झालं. मात्र मडक्यात स्वच्छ पाणीच घाला. गढूळ किंवा साबणाचं पाणी घातलं तर मडक्याची बारीक छिद्रं बुजतात आणि पाझर थांबतो.

कडेनं बोरीच्या आणि बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. शेळीला मागच्या वर्षीची चव आठवत असणार!

नऊ वाजता: बी

या वेळी बी आमचंच होतं. आक्कांच्या माळ्यावर राखेत ठेवलेली गवार, मामींकडं चुलीवरच्या तुळईला टांगलेला दोडका, एकीच्या माहेरचा लाल माठ, दुसरीच्या चुलत सासूकडची घोसाळी. नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणतात तिथं, अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असंच एकेक गावठी बी गोळा करून बियाण्यांची बँक उभी केली. त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या आज्या हेच काम घरात करायच्या. आपण पाकिटाची वाट बघायला लागलो आणि ते सुटलं.

गावठी असलं तरी बी तपासायचं. आठ दिवस आधी प्रत्येकीनं दहा-दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले आणि फडकं रोज ओलं केलं. पाच-सहा दिवसांत दहातले सात-आठ मोडले तर बी चांगलं. पाचच मोडले तर दुप्पट पेरायचं. त्याहून कमी, तर दुसरीकडून बी मागायचं. एवढं एक फडकं आम्ही पहिल्या वर्षी भिजवलं असतं, तर महिनाभराची मेहनत वाचली असती.

उन्हाळ्यात काय लावायचं ते नीट ऐका. मेथी, पालक, कोबी ही थंडीची पोरं. त्यांच्या मागं आता लागू नका. पाल्यासाठी लाल माठ, तांदुळजा, अंबाडी आणि मायाळू. फळभाजीसाठी भेंडी, गवार. वेलाला दोडका, घोसाळी, दुधी, कारलं, काकडी. मोरीच्या ओलीला अळू. आणि कोपऱ्यात कढीपत्ता, शेवगा. शेवग्याच्या शेंगा आपण खातो, पण त्याचा कोवळा पालाही खावा. ही भाजी पाणी मागत नाही आणि वर्षभर मिळते. त्याची फांदी मात्र पावसाच्या तोंडाला लावा.

माठाचं बी मोहरीपेक्षाही बारीक. तसंच टाकलं तर एका जागी पडतं. म्हणून ते मूठभर बारीक वाळूत मिसळून फेकलं, वरून हातानं माती हलकीच सारली. वाफ्याच्या कडेनं राखेची रेघ मारली, नाहीतर मुंग्या बी पळवतात. भेंडी, दोडका, कारलं यांचं बी रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी पेरलं. माठ तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो. खुडताना मुळासकट उपटू नका, दोन बोटं बुंधा ठेवून कापा. पुन्हा फुटवा येतो. भेंडी, गवार, दोडक्याला दीड-दोन महिने लागतात. म्हणून माठ एकदम पेरू नका. पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक वाफा पेरला की पाऊस पडेपर्यंत खंड पडत नाही. आणि पाडव्याला जमलं नाही तरी बिघडलं नाही. आपल्याकडं अक्षय तृतीयेला वेलांची आळी करायची रीत आहेच.

सगळ्यात शेवटी वाफ्यांवर कडब्याचा चुरा आणि वाळला पाला अंथरला. बी बारीक असेल तिथं पातळ, वेलांच्या आळ्यात चांगला चार बोटं जाड. उघडी माती म्हणजे उघड्या तोंडाची चूल, सगळी ओल वर जाते. आच्छादन घातलं की निम्मं पाणी वाचल्यासारखंच.

दुपार: सावलीतला वेळ

साडेदहाला ऊन चढलं, काम थांबवलं. हातपाय धुऊन लिंबाखाली पटकुरं टाकली. आणि इथून पुढं जे झालं, तेही परसबागेइतकंच महत्त्वाचं आहे, असं आम्हाला वाटतं.

प्रत्येकीनं घरून काही तरी आणलं होतं. भाकरी, ठेचा, मटकीची उसळ. पहाटेच भिजवलेली हरभऱ्याची डाळ जाडसर वाटून, त्यात कैरीचा कीस, मिरची, मीठ, चिमूटभर साखर घातली आणि वरून मोहरी-हिंगाची फोडणी दिली. चैत्रगौरीची आंब्याची डाळ झाली. एकीनं उकडलेल्या कैरीचं, गूळ-वेलदोडा घातलेलं पन्हं माठात गार करून आणलं होतं.

आमच्या गटात तिघी विधवा आहेत. चैत्रात घरोघरी हळदी-कुंकू होतं, तेव्हा त्या दाराशी थबकतात किंवा येतच नाहीत. त्या दिवशी आक्कांनी कुंकवाची कोयरी काढली आणि सगळ्यांत आधी त्या तिघींना लावलं. "माती उकरताना कुनी इचारलं व्हतं का, कुनाचा नवरा हाय आन् कुनाचा न्हाई?" एवढंच बोलल्या. एकीचे डोळे भरले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवांच्या अनिष्ट प्रथा बंद केल्या. आमच्या गावात ठराव अजून झालेला नाही, पण आमच्या बागेत झाला.

जेवण झाल्यावर गाण्यांच्या ओव्या झाल्या, उखाणे झाले. एकीनं आपल्या सासूची नक्कल केली, सासू तिथंच बसली होती, तीच सगळ्यांत जास्त हसली. मग एकेकीला पेंग यायला लागली. आक्का पदर डोक्याखाली घेऊन चक्क आडव्या झाल्या आणि तासभर झोपल्या. उठल्यावर ओशाळून म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं दिवसाची अशी झोपले नव्हते गं." आक्कांचं वय साठीच्या पुढं आहे. चाळीस वर्षांवर संसार झाला.

मैत्रिणींनो, आपण दिवसा बसलो की आपल्यालाच चोरी केल्यासारखं वाटतं. पण जिच्या अंगात रक्त कमी आहे, तिला विसावा हे औषध आहे. बागेच्या निमित्तानं आम्हाला तो मिळाला. "कुठं चाललीस?" असं घरी विचारलं तर "गटाच्या कामाला" हे उत्तर खरंही होतं आणि पुरेसंही.

भाजी ताटात कशी घ्यायची

दुपारी बसल्या बसल्या आशाताईंनी आम्हाला चार गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो. पालेभाजीत लोह असतं, पण शरीर ते सहजासहजी घेत नाही. त्याला आंबटाची सोबत लागते. म्हणून भाजीवर लिंबू पिळा, नाहीतर ताटात कच्च्या कैरीची फोड, आवळा घ्या. भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून धुतली तर सत्त्व पाण्यात जातं. फोडणीला थोडं तेल हवंच, नाहीतर पाल्यातलं अ जीवनसत्त्व अंगी लागत नाही. आणि जेवणावर लगेच चहा नको. चहा लोहाला अडवतो. तासभर थांबा.

आणखी एक. भाजी म्हणजे गोळ्यांना पर्याय नाही. ज्यांना दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या दिल्यात त्यांनी त्या पूर्ण घ्यायच्या. शौचाला काळी होते म्हणून बंद करायच्या नाहीत. आमची ती मैत्रीण जी कामावर पडली होती, तिचं रक्त आता 11 च्या पुढं आहे. ते आधी गोळ्यांनी वाढलं. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा खाली येऊ नये, ते काम ताटाचं आहे.

संध्याकाळ: पाणी आणि झोका

ऊन उतरल्यावर, साडेपाचला, पहिलं पाणी दिलं. उन्हाळ्यात पाणी सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच. हंडा ओतू नका, बी वाहून जातं. डब्याला खिळ्यानं भोकं पाडून आम्ही झारी केली. पोरं शाळेच्या पटांगणातून आली आणि झारीसाठी भांडायला लागली. लिंबाला दोर बांधला होता. आधी पोरी झोक्यावर बसल्या, मग त्यांच्या आया, शेवटी सगळ्यांनी मिळून आक्कांना बसवलं.

रोगाचंही सांगून ठेवतो. मावा आला तर सकाळी दवात चाळलेली राख धुरळा. जास्त झाला तर 50 ग्रॅम निंबोळी पावडर फडक्यात बांधून रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी पिळून त्याचं एक लीटर पाणी करा आणि संध्याकाळी फवारा. निंबोळ्या पावसाच्या सुरुवातीला पडतात, तेव्हाच वेचून सावलीत वाळवून ठेवा. आणि दुधी किंवा काकडी जिभेला कडू लागली तर ती खाऊ नका, तिचं बीही धरू नका. कडू दुधीनं विषबाधा होते.

हिशेब

गेल्या वर्षी 11 घरांपैकी 8 घरांच्या बागा टिकल्या. एका घरी खड्डा तुंबला, एकीचं कुंपण गुरांनी मोडलं, एकीला माहेरी जावं लागलं. आठ घरांत वैशाखापासून मिरगापर्यंत आठवड्यातून चार दिवस तरी पालेभाजी शिजली. बाजाराला भाजीसाठी जाणारे पैसे निम्म्यावर आले. जास्तीचा माठ विकायचा का, यावर बैठकीत वाद झाला. ठरलं असं, की आधी घरातल्या बायकांच्या ताटात, मग शेजारी, उरला तर बाजारात. हा क्रम आम्ही वहीत लिहिला आणि खाली सगळ्यांनी सह्या केल्या.

उमेद अभियानातल्या मैत्रिणींना पोषण परसबाग हा शब्द नवा नाही. पण शब्द माहीत असणं वेगळं आणि चैत्रात ताटात माठाची भाजी असणं वेगळं. तेव्हा पुढच्या बैठकीला एवढंच करा. प्रत्येकीनं घरातलं मूठभर बी आणि एक ओलं फडकं आणा. आठवडाभर आपल्या मोरीतलं पाणी मोजा. आणि सगळ्यांना जमेल असा एक दिवस ठरवा. दिवस कामाचा असेल, पण त्यात जेवणाला, हसायला आणि तासभर आडवं व्हायलाही वेळ राखून ठेवा. घरच्यांना आधीच सांगा, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हाक मारायची नाही.

यंदाचा आमचा दिवस येत्या रविवारी आहे, या वेळी मामींच्या परसात. आक्कांनी दोर आत्तापासूनच काढून ठेवलाय. तुमच्या बागांचं काय झालं ते आम्हाला जरूर कळवा.

नमस्कार.